साका न हलवता

सात वर्षं मी एका जंतूच्या मागे होते, आणि घोडं पेंड खात होतं ते बरणीतलं पाणी बदलण्यापाशी. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी थोडं शास्त्र सांगणार आहे आणि वाचणाऱ्याला उगाच वाटायला नको की अडचण फार विद्वत्तेची होती. एका भांड्यातलं पाणी ओतून दुसरं घालायचं होतं. ते मला जमत नव्हतं.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पीएचडीला नाव घातलं तेव्हा चाळिशीला टेकले होते. माझे मार्गदर्शक सर माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर म्हणते, आणि आमचं कशावरच पटत नाही. ही गोष्ट ज्या वर्षाची, त्या वर्षीच्या डिसेंबरात माझ्या नोंदणीची शेवटची मुदतवाढ संपत होती. सरांनी सांगून टाकलं होतं, "मॅडम, मुख्य प्रश्नाचं उत्तर नसेल तर मी प्रबंधावर सही करणार नाही. अर्धवट काम पाठवण्यापेक्षा नोंदणी रद्द झालेली बरी." नोंदणी रद्द झाली असती तर मी पुन्हा पहिल्यापासून नाव घालणार नव्हते. ते मला माहीत होतं आणि त्यांनाही.

प्रश्न असा होता. आपण जेवतो ते अन्न शरीर सावकाश जाळतं. जाळताना इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते कुणाला तरी देऊन टाकावे लागतात, नाहीतर सगळं काम ठप्प होतं. आपण ते श्वासातल्या ऑक्सिजनला देतो. श्वास घ्यायचा तो त्यासाठीच. पण भाताच्या खाचरात पाणी उभं राहिलं की खालच्या चिखलात ऑक्सिजन उरत नाही. मग तिथले काही जंतू आपले इलेक्ट्रॉन मातीतल्या लोखंडाच्या गंजाला देतात. आता गंज म्हणजे दगडच की. तो पाण्यात विरघळत नाही, जंतूला गिळता येत नाही, तो अंगाबाहेर पडलेला असतो. ऑक्सिजन निदान आत तरी येतो. इथे इलेक्ट्रॉनच अंगाबाहेर पोचवावे लागतात. ते पोचले की लाल गंज काळा पडतो, आणि प्रयोगशाळेतला बारीक गंज असेल तर चक्क लोहचुंबकाला चिकटतो.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते सुरगाण्याच्या डोंगरात. एका बाईंचं भाताचं खाचर झऱ्याच्या खाली आहे, त्यामुळे तिथे उन्हाळ्यातही हातभर तुकडा ओला राहतो. दर वर्षी द्राक्षबागांची कामं संपवून त्या घरी परतल्या की मी चिखल न्यायला जाते. पहिल्या वर्षी मी त्यांना विचारलं की वरची माती लाल आणि खालची काळी कशी. त्यांनी पायानं ढेकूळ उलटं केलं.

"पाणी उभं हाय तवर काळी," त्या म्हणाल्या. "पाणी गेलं का परत लाल. दरसाल असंच. त्यात नवं काय नाय."

या चार वाक्यांसाठी मी पुढे प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण खर्च केलं.

त्यांच्या चिखलातून मी माझा जंतू वेगळा काढला. तो गंज काळा करत होता, यात वाद नव्हता. वाद होता तो कसा करतो यावर. अशा जंतूंच्या दोन तऱ्हा असतात. काही जंतू गंजाला जाऊन चिकटतात आणि अंगावरच्या प्रथिनांतून, बारीक धाग्यांतून, थेट स्पर्शानं इलेक्ट्रॉन देतात. काही मात्र लांबच राहतात. ते पाण्यात एक पदार्थ सोडतात. तो इलेक्ट्रॉन घेऊन गंजापर्यंत जातो, देतो आणि दुसरा न्यायला परत येतो. मी वर्गात त्याला निरोप्या म्हणते, मुलांच्या पटकन लक्षात येतं. सरांनी स्वतःची पीएचडी अशाच एका निरोप्यावाल्या जंतूवर केलेली. त्यामुळे जगातला प्रत्येक जंतू निरोप्या पाठवतो असं त्यांना वाटायचं. माझं म्हणणं, माझा जंतू स्पर्श करतो. मला सूक्ष्मदर्शकाखाली तो गंजाला गोचिडीसारखा चिकटलेला दिसायचा.

"चिकटलेला दिसणं हा पुरावा नाही," सर म्हणायचे. आणि ते बरोबरच होतं, म्हणून जास्त राग यायचा.

पुरावा मिळवायची वाट सगळ्यांना माहीत असते. निरोप्या पाण्यात असतो, तेव्हा रोज पाणीच बदलायचं. निरोप्यावर चालणारा जंतू असेल तर गंज काळा होणं थांबेल. स्पर्शानं चालणारा असेल तर त्याला फरक पडणार नाही. अट एवढीच की हवा आत शिरता कामा नये, आणि तळाशी बसलेला साका हलता कामा नये. हवा लागली की काळं ते पुन्हा लाल. साका हलला की चिकटलेले जंतू पाण्याबरोबर बाहेर. मोठ्या प्रयोगशाळांत यासाठी हवाबंद पेटी असते, तिच्यात रबरी हातमोज्यांतून हात घालून काम करतात. आमच्या कॉलेजात माझा त्या पेटीसाठीचा अर्ज होता. मी सुई लावून पाहिली, नळी लावून पाहिली, छोटा पंप लावून पाहिला. दर वेळी तळ ढवळायचा नाहीतर बुडबुडा आत जायचा. दोन वर्षं यात गेली आणि मी मनातल्या मनात ठरवलं की पेटीशिवाय हे होणे नाही.

त्या मे महिन्यात सुट्टी लागली आणि कॉलेजनं प्रयोगशाळेच्या फरशा उखडल्या. सामान इतरत्र हलवा, असं सांगण्यात आलं. चिखलाच्या आठ बरण्या चालू होत्या. प्रत्येकीत सुरगाण्याचा थोडा चिखल, त्यांचं खाणं म्हणून भाताचा बारीक केलेला पेंढा, आणि वर मी प्रयोगशाळेतच तयार केलेला बारीक लाल गंज. त्या मी रिक्षात मांडीवर धरून नाशिक रोडच्या आमच्या फ्लॅटवर आणल्या. चार मागच्या गॅलरीत कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवल्या आणि जागा नव्हती म्हणून उरलेल्या चार वर माळ्यावर.

घरात मी आणि आई. बाबा सरकारी प्रेसमधून निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर चार वर्षांनी गेले. आई पंचवटीतल्या, पिढ्यान्‌पिढ्या यजमानांची कार्यं करणाऱ्या घरातली. तिला स्वच्छतेचं वेड म्हणणं म्हणजे कमी सांगणं. माझं लग्न मोडलं, म्हणजे मी मोडलं, तेव्हापासून ती माझ्याशी थेट फारसं बोलत नाही. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. तिनं बाबांना सांगायचं, "विचारा हिला, जेवायला आहे का." मी बाबांना सांगायचं, "उशीर होईल म्हणावं." बाबा हॉलमध्ये पेपर वाचत बसलेले असायचे, ते पान न उलटता इकडचं तिकडे पोचवायचे. ते गेल्यावर मला वाटलं आता तरी हिला तोंड उघडावं लागेल. तर ती बाबांच्या फोटोशी बोलायला लागली. "सांगा हिला, गॅस संपत आलाय." आणि मी, शिकलेली बाई, फोटोकडे बघून "मागवते म्हणावं" असं म्हणायचे. नवं कुणी घरी आलं की आम्हाला दोघींना शरम वाटायची, पण सवय मोडली नाही.

मी नव्या चिखलासाठी चार दिवस सुरगाण्याला गेले. जाताना फोटोला सांगितलं, "गॅलरीतल्या बरण्या माझ्या आहेत."

परत आले ती संध्याकाळी, जीप आणि दोन एसट्या बदलून. गॅलरीत पाऊल टाकलं आणि आधी वास आला नाही हे जाणवलं. माझ्या बरण्यांना गटाराचा वास असतो. खालच्या फळीवर गव्हाचं मोठं पातेलं होतं, आईनं कुरडयांसाठी गहू भिजत घातलेले. त्याच्या शेजारी माझ्या चार बरण्या ओळीनं, बाहेरून पुसून लख्ख. आतलं पाणी नितळ. मी सोडून गेले तेव्हा ते चहासारखं होतं.

"यांचं पाणी कुणी बदललं?" मी विचारलं. घरात दुसरं कोण होतं.

आई स्वयंपाकघरातून आली. तिनं एकदा हॉलमधल्या फोटोकडे पाहिलं. "सांगा हिला, वास यायला लागला होता. गव्हाचं पाणी रोज बदलायचंच होतं, तेव्हा याचंही बदललं. न बदललं तर आंबतं."

कुरडया करणाऱ्या घरात हे कुणीही केलं असतं. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं, नाहीतर चीक आंबट होतो आणि कुरडई लाल पडते. शेजारी आणखी चार भांडी भिजत आहेत, वास मारताहेत, तर तिचा हात तिकडे जाणारच. हे मला आज कळतं. तेव्हा मी तिला फोटोला वगळून थेट बोलले, बऱ्याच वर्षांनी, आणि जे बोलले ते असं: "तुला कळत नाही ना, मग हात लावत जाऊ नकोस. माझी सात वर्षं तू मोरीत ओतलीस."

आई वळली. आत गेली आणि कणीक मळायला घेतली. मला तिची पाठ दिसत होती. मी माफी मागायला हवी होती. मी मागितली नाही. तो सबंध दुसरा दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही, आणि फोटोशीही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्या चार बरण्या रिकाम्या करायला मोरीपाशी नेल्या. त्यांत हवा गेली, त्या संपल्या, हे मी धरूनच चालले होते. पहिली उजेडात धरली. तळ काळा होता. मला वाटलं चिखलच काळा दिसतोय. फ्रिजवर एक चुंबक होता, कुणीतरी यात्रेहून आणलेला, वर देवळाचं चित्र. तो काढून मी काचेला लावला आणि हळूच वर सरकवला. तळाचं काळं चुंबकामागोमाग काचेवरून वर चढलं.

मी स्टूल घेऊन माळ्यावरच्या चार बरण्या उतरवल्या. आईचा हात तिथवर पोचत नाही, त्यांना कुणी शिवलं नव्हतं. त्याही काळ्या होत्या. आठही बरण्या ओळीत मांडून मी बघत राहिले. चारचं पाणी तीन दिवस रोज बदललं होतं, चारचं एकदाही नाही, आणि काळेपणात मला फरक सांगता येत नव्हता. दोन वर्षं खटपट करून मी ज्या प्रयोगाचं नाव टाकलं होतं तो माझ्या गॅलरीत, गव्हाच्या पातेल्याशेजारी होऊन बसला होता. मी मोरीच्या कट्ट्यावरच बसले. आनंद झाला, पण आता आईला विचारावं लागणार होतं.

ती चीक घोटत होती. पातेलं मोठं, चीक घट्ट होत आलेला, मध्ये थांबता येत नाही. मी शेजारी उभी राहिले.

"आई, पाणी कसं बदललंस?"

ती घोटत राहिली. तशीच म्हणाली, "सांगा हिला, मला काही कळत नाही."

"आई, मी चुकले. मी तसं बोलायला नको होतं. कसं बदललंस ते मला सांग, मला फार गरज आहे त्याची."

तिनं कलथा माझ्या हातात दिला, घोट अशी खूण केली, आणि फोटो दिसेल अशी दारात जाऊन उभी राहिली. मग सगळं सांगितलं, फोटोला. पाणी पिण्याच्या पातेल्यातलं घेतलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी उकळून, काठोकाठ भरून, झाकण घालून गार करतात. तांब्याच्या कळशीतलं घेतलं नाही, ते देवाचं. बरणी एकदम उपडी करायची नाही. आधी नुसती कलती करून ठेवायची, साका एका बाजूला बसू द्यायचा, मग धार बारीक सोडायची. शेवटचं बोटभर पाणी ठेवायचं, त्याचा लोभ धरायचा नाही. नवं पाणी वरून ओतायचं नाही, उलथण्यावरून काचेच्या कडेनं सोडायचं. आणि गळ्यापर्यंत भरून झाकण लावायचं. चिकाचं वरचं पाणी काढताना असंच करतात, साका हलला तर सगळी मेहनत वाया.

पाणी उकळलं की त्यातली हवा निघून जाते. झाकण घालून गार केलं की ती सहज परत शिरत नाही. काठोकाठ भरलं की वर हवेला जागाच उरत नाही. आणि तांबं जंतूंना मारतं. आईनं यातलं काही माझ्या जंतूंसाठी केलं नव्हतं. पण मी दोन वर्षं ज्यासाठी पेटी मागत होते ते सगळं तिच्या हातात होतं. माझी तिकडे पाठ होती, चीक बुडाला लागत होता, आणि मला रडू येत होतं.

"सांगा हिला, नीट घोट म्हणावं," आई म्हणाली.

सरांना मी दुसऱ्याच दिवशी भेटले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण. मग म्हणाले, "मॅडम, गॅलरीतल्या बरण्या प्रबंधात चालणार नाहीत. चिखलात शंभर जातीचे जंतू, कुणी काय केलं कसं सांगणार? शिवाय चिखलाच्या कणांत जुनं पाणी अडकून राहतं, निरोप्या तिथे असू शकतो." मी म्हटलं, मग शुद्ध जंतू घेते, चिखल नको, नुसता गंज. ते म्हणाले, प्रयोगशाळेत करा, आणि शेजारी माझा जंतू ठेवा. त्याचंही पाणी बदला. माझा थांबला आणि तुमचा चालू राहिला तर बोलू.

मला हे आवडलं. भांडायला नेमकी जागा मिळाली.

जूनमध्ये फरशा बसल्या आणि मी बरण्या मांडल्या. चार माझ्या जंतूच्या, चार सरांच्या, दोनांत उकळून मारलेले जंतू. पाणी उकळून गार केलेलं, त्यात दोघांचं आपापलं खाणं मिसळलेलं. पहिल्याच आठवड्यात मी माझ्या चारपैकी तीन घालवल्या. कृती पाठ होती, हात पाठ नव्हता. कलती धरलेली बरणी माझ्या हातात हिंदकळायची आणि तळातून लाल धूर उठायचा.

घरी येऊन मी फोटोला सांगितलं, "तीन गेल्या."

आईनं त्याच दिवशी किलोभर गहू भिजत घातले. पावसाळ्यात कुरडया कुणी करत नाही, वाळणार कुठे? पण तिनं गहू घातले. तिसऱ्या दिवशीच्या वाटणाचा चीक गाळून तिनं माझ्यापुढे काचेच्या बरणीत ठेवला. साका बसू दिला आणि मला पाणी काढायला लावलं. मी ओतलं, दुधासारखं पांढरं पाणी बाहेर आलं.

"सांगा हिला, भांडं वाकवायचं, मनगट नाही."

पुन्हा साका बसेपर्यंत थांबायचं, पुन्हा ओतायचं. जमलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ती शेजारच्या स्टुलावर शेंगा सोलत बसायची, बघतेय असं दाखवायची नाही, आणि पांढरं पाणी आलं की नुसती "हं" म्हणायची. मी कॉलेजातून आले की आधी हे, मग चहा. गव्हाचा चीक आम्ही गुळाबरोबर खाल्ला, दुधाबरोबर खाल्ला, शेजाऱ्यांना वाटला. शेजारीण एकदा म्हणाली, "काकू, पावसाळ्यात चीक? कुणाला दिवस गेलेत की काय?" आई हसली. मला तिचं हसणं ऐकून किती दिवस झाले असतील ते मोजता येईना.

जुलैच्या मध्यावर कधीतरी मी पाणी काढलं आणि बोटभर उरेपर्यंत ते नितळच राहिलं.  आईनं दुसऱ्या दिवशी गहू भिजत घातले नाहीत.

ऑगस्टात मी नव्यानं बरण्या मांडल्या आणि चाळीस दिवस, एकही न चुकवता, पाणी बदललं. रविवारी शिपाईमामा माझ्यासाठी कुलूप उघडून द्यायचे. एकदा मला ताप होता, तरी गेले. एक रविवार गणपतीच्या मिरवणुकीतला, रस्ते बंद, मी तीन मैल चालत गेले. सर मधून मधून यायचे, बरण्यांकडे बघायचे आणि जायचे. मला आता भीती वाटत नव्हती. माझं म्हणणं खोटं ठरलं असतं तरी मला चाललं असतं, कारण तेही उत्तरच होतं. मला फक्त साका हलू द्यायचा नव्हता.

चाळिसाव्या दिवशी सरांनी स्वतः चुंबक आणला. आधी त्यांनी स्वतःच्या जंतूच्या बरणीला लावला. तळ विटकरी होता, बराचसा लालच. चुंबकामागे एक पुसट रेघ आली तेवढीच. पाण्यातला निरोप्या रोज बाहेर ओतला जात होता, जंतूंचं काम अडलं होतं. मारलेल्या जंतूंची बरणी जशी मांडली तशी लाल. मग त्यांनी माझी उचलली. मी जवळ गेले नाही. काळा लोळ चुंबकामागोमाग काचेवरून चढला, आणि सर तो वर नेत राहिले, खाली आणत राहिले, लहान मुलासारखे. मग चारही बरण्यांना लावून पाहिला.

"स्पर्श आहे," ते म्हणाले. "पण निरोप्या अजिबात नाही असं लिहू नका. थोडा असूही शकतो."

"नाही लिहीत," मी म्हटलं. पहिल्यांदाच आमचं पटलं.

नोव्हेंबरात प्रबंध लिहून झाला. सरांनी पद्धतीच्या प्रकरणात एका ओळीला पेन्सिलनं गोल केला. तिथे मी लिहिलं होतं की पाणी बदलण्यासाठी बरणी आधी कलती ठेवून साका बसू दिला आणि नवं पाणी काचेच्या कडेनं सोडलं. समासात त्यांचा प्रश्न होता, "ही पद्धत कुठून घेतली? संदर्भ द्या." प्रबंधात प्रत्येक पद्धतीला संदर्भ लागतो. कुणाच्या छापील लेखातली नसेल तर ज्या माणसाकडून शिकलो त्याचं नाव आणि नातं लिहायचं असतं. मी आईचं पूर्ण नाव लिहिलं, आणि खाली लिहिलं की कुरडयांचा चीक निवळण्याची घरगुती पद्धत, प्रत्यक्ष शिकवलेली. सरांनी ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि शेवटच्या पानावर सही केली. मुदत संपायला तीन आठवडे होते.

सही केलेला प्रबंध घेऊन मी घरी आले. आई डाळ निवडत होती. मी फोटोसमोर नाही, तिच्यासमोर बसले आणि ते पान उघडून तिचं नाव असलेली ओळ वाचून दाखवली. मग जंतूंचं सांगितलं. म्हटलं, सरांच्या जंतूला मधे निरोप्या लागतो, तो काढून घेतला की त्याचं अडतं. माझा जवळ जाऊन चिकटतो, त्याला मधे कुणी नसलं तरी चालतं.

आईनं ताट बाजूला ठेवलं. तिची मान सवयीनं फोटोकडे वळली, तोंड "सांगा" म्हणायला उघडलं.  बाबा काचेमागे, पेपर वाचताना चढवायचे तसा चष्मा कपाळावर चढवलेले. मग ती परत वळली आणि माझा उजवा हात ओढून घेऊन मनगटापाशी धरला.

"आता तुझं मनगट वाकत नाही," ती मला म्हणाली.